खिडकीच्या काचेला पारा

‘पारा’ हा शब्द कानी पडताच मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे उष्णतामापकाच्या नळीतला चकचकीत धातू उभा राहतो. छत्तीसगढात मात्र पारा म्हणजे आळी, मोहल्ला. रायपूर शहराच्या जुन्या भागात ब्राह्मणपारा आहे, तात्यापारा आहे, बूढापारा आहे. या वस्त्यांना मराठी माणूस नवखा नाही. १७५८ च्या सुमारास बिंबाजी भोसले यांनी रतनपुरास राहून छत्तीसगढचा कारभार पाहण्यास सुरुवात केली. नागपूरकर भोसल्यांच्या त्या अमदानीपासून मराठी कुटुंबे या मुलखात येत गेली आणि स्थिरावली. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी किंवा छत्तीसगढी, अशी त्यांची रीत आजही दिसते.

मे महिना उजाडला म्हणजे मात्र या पाऱ्यांतून मराठी अर्थाचा पाराच बोलू लागतो. रायपूरला मे महिन्यातील दुपारचे कमाल तापमान सरासरीने ४१ ते ४२ अंश सेल्सियसच्या घरात असते, आणि त्याच्याही वर चढलेले दिवस तेथील लोकांना अपरिचित नाहीत. अशा दिवसांत घराच्या खिडकीचे काय करावे, हा प्रश्न गृहिणीपुढे रोज सकाळी उभा राहतो. अलीकडे त्यावर एक नवा उपाय पुष्कळ घरांतून दिसू लागला आहे. तो म्हणजे काचेवर आरशासारखी चमकणारी पातळ फिल्म चिकटवण्याचा. हा उपाय कसा काम करतो, कोठे उपयोगी पडतो आणि कोठे फसवतो, याची माहिती प्रत्येक कुटुंबाला असावयास हवी.

झडपा गेल्या, काचा आल्या

वाचकहो, ब्राह्मणपाऱ्यातील एखाद्या घराची कल्पना करा. जुने घर कौलारू होते. भिंती जाड होत्या, पुढे ओसरी होती आणि खिडक्यांना लाकडी झडपा होत्या. गल्ली अरुंद असल्यामुळे या घराची सावली त्या घरावर आणि त्या घराची या घरावर पडे. दहा वाजले की झडपा लोटून घ्यावयाच्या आणि दिवेलागणीला उघडावयाच्या, एवढा नियम पाळला की घर दुपारीही सोसण्याजोगे राही.

पुढे कुटुंब वाढले आणि जुन्या घराच्या जागी तीन मजली पक्के घर उभे राहिले. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य स्थापन होऊन रायपूर राजधानी झाल्यावर तर अशा बांधकामांना जोरच आला. नव्या घराचा वरचा मजला गल्लीच्या सावलीतून बाहेर निघाला. त्याला अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीत सरकणाऱ्या काचांची रुंद खिडकी आली. उजेड भरपूर आला, धूळ कमी झाली. पण झडप गेली. त्या मजल्यावर पश्चिमेच्या खोलीत घरातील वृद्ध आजींची खाट आहे, असे समजा. समोरचे घर एक मजला ठेंगणे आहे. त्याच्या गच्चीवरून मावळतीकडचे ऊन थेट आजींच्या अंथरुणावर येते, आणि गच्चीवर वाळवण घालावयास आलेल्या शेजाऱ्यांची दृष्टीही त्याच वाटेने आत येते. म्हणून सूनबाई दिवसभर जाड पडदा ओढून ठेवतात. खोलीत अंधार होतो, दुपारी दिवा लावावा लागतो, आणि तरीही खोली तापतेच. आजींना पोथी वाचता येत नाही आणि विसावाही मिळत नाही.

पडदा ओढूनही खोली का तापावी? याचे उत्तर काचेच्या स्वभावात आहे.

काचेचा स्वभाव

सूर्याची जी ऊर्जा आपल्यापर्यंत येते, तिचा निम्म्याहून थोडा कमी भाग डोळ्यांना दिसणारा प्रकाश असतो. जवळजवळ निम्मा भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा असतो, आणि अगदी थोडा भाग अतिनील किरणांचा. साध्या खिडकीची काच या ऊर्जेच्या शंभर भागांपैकी सुमारे पंच्याऐंशी भाग आत जाऊ देते. आत आलेले हे ऊन जमिनीवर, भिंतीवर, गादीवर पडते आणि त्या वस्तू तापतात. तापलेल्या वस्तूही किरण बाहेर टाकतात. परंतु त्यांची तरंगलांबी कितीतरी मोठी असते, आणि अशा किरणांना काच पार होऊ देत नाही. म्हणजे येणाऱ्याला दार सताड उघडे आणि जाणाऱ्याला बंद, असा हा प्रकार आहे. थंड देशांतील बागवान याच गुणावर काचेच्या घरात रोपे वाढवतात. आपण मात्र मे महिन्यात त्या काचघरात माणसे ठेवतो.

पडद्याचेही असेच होते. पडदा काचेच्या आतल्या बाजूस असतो. ऊन काचेतून आत येऊन पडद्यावर पडते आणि पडदा तापतो. फिक्या रंगाचा पडदा काही प्रकाश परत पाठवतो हे खरे. पण गडद जाड पडद्यात मुरलेली उष्णता शेवटी खोलीतच उतरते.

आता थोडा हिशेब पाहू. मे महिन्याच्या अखेरीस निरभ्र दिवशी दुपारी चारच्या सुमारास पश्चिमेच्या उभ्या भिंतीवर दर चौरस मीटरला सहाशे वॅटांच्या आसपास सौर ऊर्जा पडते. चार फूट रुंद व तीन फूट उंच खिडकी म्हणजे एक चौरस मीटरहून थोडी मोठी. तिच्या साध्या काचेतून पाचशेहून अधिक वॅट आत येतात. अशा दोन खिडक्या असतील, तर ऐन उन्हाळ्यात खोलीत एक हजार वॅटची विजेची शेगडी पेटवून ठेवल्यासारखे होते. पंखा ही उष्णता नाहीशी करू शकत नाही, तो ती खोलीभर फिरवतो.

आरशाची कुळकथा

काच आरशासारखी झाली तर ऊन परत फिरेल, ही कल्पना सोपी आहे. पूर्वी आरसा करावयाचा म्हणजे काचेच्या पाठीला कथील आणि पारा यांचा लेप देत. म्हणून मराठीत अजूनही जुन्या आरशाचा ‘पारा उडाला’ असे म्हणतात. पाऱ्याच्या वाफा कारागिरांच्या जिवावर बेतत. १८३५ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी काचेवर चांदीचा थर बसवण्याची रीत शोधली आणि पुढे आरशातला पारा गेला. भाषेत मात्र तो राहिला.

खिडकीच्या फिल्ममध्ये पारा नाही आणि चांदीही क्वचितच असते. पॉलिएस्टरचा पातळ पारदर्शक पापुद्रा घेऊन निर्वात पेटीत त्यावर अ‍ॅल्युमिनियमची वाफ बसवतात. हा थर इतका विरळ असतो की त्यातून पलीकडचे दिसते, परंतु पडणाऱ्या उन्हाचा मोठा भाग तो परत पाठवतो.

या चमकत्या पापुद्र्याने अंतराळातही नाव मिळवले आहे. १२ ऑगस्ट १९६० रोजी अमेरिकेने ‘इको’ नावाचा उपग्रह सोडला. तो म्हणजे सुमारे तीस मीटर व्यासाचा एक फुगा होता. त्याचा पापुद्रा मिलिमीटरच्या सुमारे ऐंशीव्या हिश्श्याइतका पातळ असून त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा थर होता.

मे १९७३ मधील घटना तर घर बांधणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. ‘स्कायलॅब’ हे अंतराळस्थानक १४ मे रोजी उडाले आणि उड्डाणातच त्याचे बाहेरचे संरक्षक कवच फाटून गेले. त्यामुळे स्थानकाच्या आतील तापमान पन्नास अंशांच्या वर गेले. २५ मे रोजी निघालेल्या अंतराळवीरांनी दुसऱ्याच दिवशी एका लहान झरोक्यातून चमकत्या कापडाची छत्री बाहेर काढून उलगडली, आणि स्थानक हळूहळू निवू लागले. ही छत्री आत लावली नव्हती, ती बाहेर उघडली होती. ऊन अडवावयाचे तर ते घराबाहेर अडवणे सर्वांत उत्तम, हा धडा त्या छत्रीने दिला. खिडकीच्या फिल्मचा विचार करताना तो विसरता कामा नये.

कोणत्या खिडकीला?

सर्व खिडक्यांना सरसकट फिल्म लावणे हा पैशाचा अपव्यय होय. कोणती खिडकी खरोखर दोषी आहे, हे सूर्याच्या वाटेवरून ठरवावे.

रायपूर हे सुमारे सव्वाएकवीस अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्यास तेथे माध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. शिवाय भारताची प्रमाणवेळ ज्या साडेब्याऐंशी रेखांशावरून ठरते, तो रायपूरच्या जवळूनच जातो. म्हणून मुंबईला खरा माध्यान्ह घड्याळात साडेबारा उलटल्यावर होतो, तर रायपूरला मे महिन्यात तो बाराच्या ठोक्याला होतो. याचा अर्थ असा की तेथे उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीत भर दुपारचे ऊन शिरतच नाही. वर लहानसा छज्जा असला तरी पुरे. हिवाळ्यात मात्र सूर्य दक्षिणेकडे कलतो. डिसेंबरच्या अखेरीस तो भर दुपारीही आकाशात अर्ध्यावरच, म्हणजे सुमारे पंचेचाळीस अंशांवर असतो, आणि तेव्हा दक्षिणेच्या खिडकीतून येणारे कोवळे ऊन वृद्धांना व बाळांना हवेसे वाटते. अशा खिडकीला फिल्म लावली तर उन्हाळ्यात फारसा लाभ नाही आणि हिवाळ्यात तोटा, असा उलटा व्यवहार होतो.

पूर्वेच्या खिडकीत ऊन सकाळी येते. तेव्हा हवा आणि भिंती रात्रभर निवलेल्या असतात, म्हणून त्याचा त्रास कमी होतो. खरी दोषी खिडकी पश्चिमेची. दुपारी चार वाजता, म्हणजे हवा जेव्हा सर्वांत तापलेली असते त्या सुमारास, सूर्य क्षितिजापासून सुमारे चौतीस अंशांवर उतरलेला असतो. दोन फुटी छज्जाची सावली तेव्हा खिडकीवर दीड फुटाच्याही आतच पडते. पाच वाजता ती एका फुटाच्याही आत येते. म्हणजे ज्या वेळी सावलीची सर्वाधिक गरज, त्याच वेळी छज्जा निरुपयोगी ठरतो. मे–जून महिन्यांत सूर्य वायव्येकडे मावळत असल्यामुळे उत्तरेच्या खिडकीलाही संध्याकाळी थोडे तिरपे ऊन लागते, पण ते फार वेळ टिकत नाही.

पश्चिमेच्या उन्हाशी नामवंत वास्तुशास्त्रज्ञांनाही झगडावे लागले आहे. अहमदाबादेत १९५४ साली पुरी झालेली गिरणीमालक संघाची इमारत ल कॉर्ब्युझिए यांनी बांधली. तिच्या रस्त्याकडील पश्चिम दर्शनी भागावर त्यांनी काँक्रीटच्या उभ्या फळ्या तिरप्या बसवल्या. त्यामुळे मावळतीचे ऊन अडते आणि रस्त्यावरून आतलेही सहज दिसत नाही. नदीकडील पूर्व बाजूस मात्र फळ्या सरळ ठेवल्या, म्हणजे वारा व साबरमतीचे दर्शन दोन्ही मिळावे. ऊन आणि आडोसा हे दोन प्रश्न एकाच उपायाने सोडवता येतात, याचे हे उत्तम उदाहरण होय.

आजींच्या खोलीला अशा फळ्या लावणे आता शक्य नाही. गल्ली अरुंद, मजला उंच आणि भिंत आधीच बांधून झालेली. बाहेरून सावली देता येत नाही अशी पश्चिमेची किंवा पूर्वेची काच, हीच फिल्मची खरी जागा होय.

दुकानात गेल्यावर

बाजारात या वस्तूला सन फिल्म, मिरर फिल्म अशी अनेक नावे आहेत. नावापेक्षा तीन गोष्टी विचाराव्यात. पहिली, तिच्यातून दिसणारा प्रकाश शेकडा किती आत येतो. दुसरी, सूर्याची एकूण उष्णता ती शेकडा किती अडवते. तिसरी, चिकटपणा व चमक किती वर्षे टिकण्याची हमी आहे. चांगल्या परावर्तक फिल्ममुळे आत येणारी सौर उष्णता निम्म्याहून अधिक कमी होते. अधिक चमकदार जातींत ती तीनचतुर्थांशापर्यंतही कमी होते. पण मग उजेडही तितकाच घटतो. अतिनील किरण तर चांगली फिल्म जवळजवळ पूर्णपणे अडवते, त्यामुळे पुस्तकांचे पुठ्ठे आणि गादीची खोळ लवकर विटत नाही.

काळी फिल्म म्हणजे थंड फिल्म, हा समज चुकीचा आहे. काळी फिल्म ऊन परत पाठवीत नाही, ते स्वतःत मुरवते. त्याने काच तापते आणि त्यातील काही उष्णता आत उतरते. खोलीत मात्र अंधार होतो. म्हणून काळेपणा पाहू नये, परावर्तनाचा आकडा पाहावा.

काही काचांना फिल्म लावू नये. तारेची जाळी घातलेली काच, कडेला टवका उडालेली किंवा चिरलेली काच, आणि आधीच रंगीत असलेली काच यांवर ऊन मुरून मधला भाग फार तापतो व कडा थंड राहतात. या ताणाने काच तडकण्याचा संभव असतो. दुहेरी काचेच्या खिडकीसाठी योग्य फिल्म कोणती, हे जाणकारास विचारल्यावाचून घेऊ नये. खरबरीत किंवा नक्षीच्या काचेवर फिल्म नीट चिकटतच नाही.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांसाठी गोंदाविना, केवळ काचेच्या गुळगुळीतपणावर बसणारी फिल्म मिळते. ती घर सोडताना काढून घेता येते.

मोटारीच्या काचांना काळी फिल्म लावण्यास सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये मनाई केली, त्यामुळे पुष्कळ लोक घराच्या बाबतीतही बिचकतात. तो निर्णय वाहनांपुरता होता, घराच्या खिडक्यांविषयी नव्हता.

लावण्याची कृती

मोठी काच कारागिराकडून लावून घेणे बरे. लहान खिडकीचे काम घरातील दोन माणसांना सहज जमते. एकट्याने मात्र ते करू नये, कारण फिल्म स्वतःलाच चिकटते आणि मग सुटत नाही.

साहित्य असे घ्यावे: फिल्म, मोजपट्टी, धारदार कटर, पाणी फवारण्याची बाटली, रबरी पट्टीचा हातवायपर, काच खरवडण्याचे पाते आणि धागे न सुटणारे सुती कापड. बाटलीत स्वच्छ पाणी भरून त्यात भांडी धुण्याच्या साबणाचे किंवा सौम्य शाम्पूचे चारदोन थेंब घालावेत.

वेळ सकाळची निवडावी. तापलेल्या काचेवर पाणी लगेच सुकते आणि फिल्म सरकवता येत नाही. वाऱ्याचा दिवसही टाळावा, धुळीचा एक कणही फिल्मखाली फोडासारखा दिसतो. काम चालू असेपर्यंत पंखा बंद ठेवावा.

प्रथम काच आतल्या बाजूने दोनदा धुवावी. रंगाचे व सिमेंटचे शिंतोडे पात्याने खरवडून काढावेत, आणि चौकटीचे कोपरे विशेष काळजीने पुसावेत. काचेच्या मापाहून चारी बाजूंनी बोटभर अधिक फिल्म कापावी. फिल्मच्या एका कोपऱ्याला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीचा एकेक तुकडा लावून दोन्ही तुकडे एकदम ओढावेत, म्हणजे गोंदावरचा संरक्षक कागद सुटू लागतो. एकाने तो सोलीत जावे आणि दुसऱ्याने उघड्या पडणाऱ्या गोंदावर साबणाचे पाणी फवारीत जावे. काचही पाण्याने न्हाऊ घालावी. येथे पाण्याची काटकसर करू नये.

ओली फिल्म ओल्या काचेवर ठेवून हळूच सरकवून जागी बसवावी. मग तिच्या वरच्या बाजूवरही पाणी फवारावे, आणि हातवायपर मध्यापासून कडांकडे ओढीत आतले पाणी बाहेर काढावे. कडेने फिल्म कापताना चौकटीपासून दीडदोन मिलिमीटर जागा मोकळी सोडावी. फिल्म चौकटीला टेकली, तर तिच्या कडा पुढे उचलल्या जातात. कापून झाल्यावर पुन्हा एकदा कडांकडे पाणी ओढून घ्यावे.

पहिले काही दिवस फिल्म धुरकट दिसते आणि खाली पाण्याचे बारीक फुगे राहतात. त्यांना सुईने टोचू नये. उन्हाळ्यात ते लवकर सुकतात, पावसाळ्यात काही आठवडेही लागतात. महिनाभर ती काच धुऊ नये. पुढेही मऊ कापड व साबणाचे पाणी एवढेच वापरावे. अमोनिया असलेले काच पुसण्याचे द्रव आणि भांडी घासण्याचा काथ्या यांनी फिल्म खराब होते.

दिवसाचा आडोसा, रात्रीचा उघडेपणा

आता आडोशाविषयी एक महत्त्वाची सूचना. फिल्म लावल्यावर दिवसा समोरच्या गच्चीवरून आतले दिसत नाही, फक्त आकाशाचे प्रतिबिंब दिसते. आतून मात्र गच्ची, झाड, गल्ली सारे दिसते. यामुळे घरातील मंडळी निर्धास्त होतात. परंतु हा फिल्मचा कायमचा गुण नव्हे. आरसा नेहमी उजेडाच्या बाजूने दिसतो. दिवसा बाहेर उजेड अधिक, म्हणून बाहेरच्याला आरसा दिसतो. रात्री आत दिवा लागला आणि बाहेर अंधार झाला की हाच न्याय उलटतो. आतल्या माणसाला काचेत स्वतःचेच रूप दिसते, आणि बाहेरच्याला खोली दिसते.

आपल्याला बाहेरचे दिसत नाही म्हणून बाहेरच्यालाही आपले दिसत नसेल, असे वाटणे स्वाभाविक आहे; म्हणूनच ही चूक वारंवार घडते. घरातील मुलींना व सुनांना ही गोष्ट स्पष्ट सांगून ठेवावी. दिवेलागणीला पडदा ओढण्याची सवय फिल्म लावल्यावरही मोडू नये. खात्री करून घ्यावयाची असेल, तर रात्री खोलीत दिवा लावून एकदा गल्लीत उभे राहून आपल्याच खिडकीकडे पाहावे.

समोरची गच्ची

दुसरी सूचना शेजारधर्माची आहे. आपण परत पाठवलेले ऊन नाहीसे होत नाही, ते दुसरीकडे जाते. मावळतीचा सूर्य जितका उंच, तितक्याच उताराने त्याचे परावर्तित किरण खाली समोर जातात. ते समोरच्या गच्चीवर पडतील, किंवा खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांच्या खिडकीतही शिरतील. लंडनमध्ये २०१३ साली फेनचर्च स्ट्रीटवरील एका उंच इमारतीच्या काचांनी रस्त्यावर इतके ऊन एकवटले की उभ्या मोटारीचे काही भाग वितळले. पुढच्या वर्षी त्या काचांवर बाहेरून आडोसा बसवावा लागला. त्या इमारतीचा दर्शनी भाग आत वळलेला होता म्हणून ऊन एकवटले. घराच्या सपाट खिडकीने असा अनर्थ होत नाही, पण समोरच्याच्या डोळ्यांत तिरीप मात्र जाते.

अरुंद गल्लीत घरे एकमेकांच्या सावलीवर जगत आली आहेत. तेथे आपला उकाडा शेजाऱ्याच्या पदरात टाकणे शोभत नाही. म्हणून फिल्मचा एक तुकडा काचेवर लावून दुपारी चार ते सहाच्या दरम्यान समोरच्या घरी जाऊन पाहावे. तेथे त्रास होत असेल, तर कमी चमकदार जात निवडावी किंवा बाहेर चिक सोडावी. पक्षीही या काचेत आकाश समजून धडकतात, काही तर आपल्याच प्रतिबिंबाशी चोचीने भांडत बसतात. वारंवार असे होत असेल, तर काचेवर बाहेरून कागदी पट्ट्या जवळजवळ चिकटवाव्यात.

आधी काय, नंतर काय

फिल्म हा उपाय खरा, पण तो पहिला नव्हे. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी आधी छताकडे पाहावे. ज्या दिवसांत सूर्य डोक्यावर असतो, त्या दिवसांत सर्वांत अधिक ऊन गच्चीच झेलते. गच्चीला चुन्याचा किंवा पांढऱ्या परावर्तक रंगाचा हात दिल्याने पडणारा फरक बहुधा फिल्मच्या फरकाहून मोठा असतो. त्यानंतर बाहेरची सावली, म्हणजे बांबूची चिक, वाळ्याचा पडदा, वेल, लोखंडी चौकटीवर ताणलेले कापड. जेथे हे काही जमत नाही, तेथे फिल्म.

फिल्म लावूनही खिडकी लावण्या-उघडण्याचा जुना नियम सुटत नाही. सरकती काच उघडी असेल, तर उघड्या भागातून ऊन तसेच आत येणार. म्हणून ऊन चढण्यापूर्वी काच लावावी आणि बाहेरची हवा निवल्यावर सर्व खिडक्या उघडाव्यात, म्हणजे भिंतींत साठलेली उष्णता रात्री निघून जाईल. कूलर चालू असताना मात्र दुसऱ्या बाजूची एखादी खिडकी किंचित उघडी ठेवावी, आणि ती शक्यतो सावलीकडची असावी. ओल्या हवेला बाहेर पडावयास वाट मिळाली नाही, तर खोली दमट होते व कूलरचा गारवा लागत नाही.

शासनानेही या प्रश्नाकडे लक्ष दिले आहे. डिसेंबर २०१८ मध्ये भारत सरकारने निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ प्रसिद्ध केली. छत वगळता बाहेरच्या भिंती व खिडक्या यांतून घरात येणाऱ्या उष्णतेची सरासरी दर चौरस मीटरला १५ वॅटांहून अधिक असू नये, असा दंडक तिने थंड हवेच्या प्रदेशांखेरीज इतरांसाठी घातला आहे. या हिशेबात खिडकीचा आकार, दिशा, छज्जा व काचेचा गुण या सर्वांचा विचार होतो. नवे घर बांधणाऱ्यांनी नकाशा काढतानाच पश्चिमेची काच लहान ठेवली, तर पुढे फिल्म शोधण्याची वेळच येणार नाही.

हा प्रश्न केवळ सुखसोयीचा नाही. मे २०१० मधील उष्णतेच्या लाटेत एकट्या अहमदाबाद शहरात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले, असे नंतरच्या अभ्यासात आढळले. त्यातून धडा घेऊन त्या शहराने २०१३ मध्ये उष्णतेपासून बचावाची योजना आखली, आणि पुढे इतर शहरांनी तिचा कित्ता गिरवला. उन्हाचा तडाखा केवळ रस्त्यावरच बसतो असे नाही. म्हातारपणी तहान कमी जाणवते, घाम कमी येतो, आणि आपल्याला उकाड्याचा त्रास होत आहे हे माणूस बोलूनही दाखवीत नाही. तापलेल्या बंद खोलीत खाटेवर पडून असलेल्या वृद्धास म्हणूनच अधिक धोका असतो. फिल्म लावली म्हणून पाण्याचा तांब्या, पन्हे आणि अधूनमधून केलेली विचारपूस यांची गरज संपत नाही. ग्लानी आली, बोलणे असंबद्ध झाले किंवा अंग फार तापले, तर अंगावर पाणी शिंपडून, वारा घालून तत्काळ वैद्यकीय मदत घ्यावी.

तेव्हा वाचकहो, येत्या उन्हाळ्यापूर्वी एखाद्या दुपारी चार वाजता आपल्या घरात एक फेरी मारा. कोणत्या खिडकीतून ऊन येते, ते किती आत येते आणि कोणाच्या अंगावर पडते, ते पाहा. ज्या खोलीत घरातील सर्वांत वृद्ध किंवा सर्वांत लहान माणूस दुपारी निजते, तिचा क्रम पहिला लावा. ब्राह्मणपाऱ्यातील त्या घरात पश्चिमेच्या काचेला फिल्म लागली, गच्चीला पांढरा रंग दिला आणि संध्याकाळी खिडकी उघडण्याचा नियम पुन्हा सुरू झाला, तर बाहेरचा पारा काही उतरणार नाही. परंतु जाड पडदा बाजूला सारून, दिवा न लावता आजींना आपली पोथी उघडता येईल, आणि पान उलटता उलटता थोडा डोळाही लागेल.